भीती ख्रिस्ती कॉलेजची की कॅमेऱ्याची?

माझ्या भाचीला यंदा एका ख्रिस्ती विद्यापीठात फिल्म आणि मीडिया प्रॉडक्शनच्या पदवीला प्रवेश मिळाला आहे. फी भरायची मुदत जवळ आली तरी घरात एकमत नाही. तिच्या अब्बांचा, म्हणजे माझ्या दूल्हाभाईंचा सवाल सरळ आहे. "तिथं रोज चर्चमध्ये बसवतील. तीन-चार वर्षांनी पोरगी कोण होऊन परत येईल?" मी स्वतः अशाच एका विद्यापीठात हेच शिकले आणि गेली बारा वर्षं एडिटिंगवर पोट भरते, म्हणून फोन मला आला.

आम्ही मिरजेचे. मिरजेत मिशनचं वॉन्लेस हॉस्पिटल १८९४ पासून आहे. दूल्हाभाईंचा जन्म तिथलाच. त्यांच्या अम्मीचं ऑपरेशन तिथंच झालं. आमच्या मोहल्ल्यात अशी घरं मोजायला बसलं तर दिवस जाईल, आणि त्यातलं कोणी त्यामुळे ख्रिस्ती झालेलं मला तरी माहीत नाही. मी विचारलं, "हीच पोरगी मिशनच्या नर्सिंगला जाते म्हणाली असती तर?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते वेगळं. ते काम आहे. हे पिक्चर आहे."

खरं कारण निघालं ते असं. चर्चचं नाव पुढे केलं होतं, भीती होती कॅमेऱ्याची. आपल्या पुष्कळ घरांत हेच होतं. म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या करून बोलायला हव्यात.

आधी चर्चचं. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ चं तिसरं कलम सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत कोणालाही स्वतःच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. ख्रिस्ती संस्थांना स्वतःची कॉलेजं चालवायचा हक्क अनुच्छेद ३० ने दिला, तोच आपल्यालाही दिला. दिल्लीच्या जामियात १९८२ साली अन्वर जमाल किडवाई यांनी मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर सुरू केलं. तिथं हिंदू, शीख, ख्रिस्ती मुलं सिनेमा शिकतात. त्यांना कोणी कलमा पढायला लावत नाही. त्यांच्या आईबापांनी जामियावर ठेवला तेवढा भरवसा आपण दुसऱ्यांच्या संस्थेवर ठेवायला काय हरकत आहे? "इल्मसाठी चीनपर्यंत जा" ही सगळ्यांची आवडती हदीस मी इथं वापरत नाही, कारण मुहद्दिस तिला कमजोर मानतात. पण सीरतच्या किताबांत आहे की बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांना लिहितावाचता येत होतं, त्यांनी मदिनेतल्या मुलांना लिहायला शिकवलं आणि तीच त्यांची सुटकेची रक्कम ठरली. तो उस्ताद मुसलमान नव्हता, दुश्मन होता.

आता पिक्चरचं. गंमत अशी की दूल्हाभाईंना जी धास्ती आहे तीच एके काळी खुद्द चर्चला होती. १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅथलिकांकडून चर्चमध्ये शपथा घेतल्या जात, की आम्ही अश्लील सिनेमे पाहणार नाही. १९३६ मध्ये पोप पायस अकरावे यांनी या मोहिमेची जाहीर तारीफ केली. कोणता पिक्चर चालेल, कोणता नाही, याच्या याद्या निघत. पण डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रसारमाध्यमांवर जो दस्तऐवज काढला, त्यात सिनेमा, रेडिओ, टीव्हीसाठी माणसं तयार करा, त्यासाठी शाळा आणि संस्था काढा, असं सांगितलं. पाहू नका म्हणणाऱ्यांनी तीसेक वर्षांत 'शिका' म्हणायला सुरुवात केली.

आपल्या देशात याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे कोलकात्याचे फादर गास्तों रोबेर्ज. कॅनडाचे जेझुइट. १९६१ मध्ये भारतात येताना वाटेत न्यूयॉर्कला त्यांनी सत्यजित रायांचे अपूवरचे तीन सिनेमे पाहिले आणि माणूस बंगालच्या प्रेमात पडला. १९७० मध्ये त्यांनी 'चित्रबाणी' ही माध्यमं शिकवणारी संस्था काढली, तिला खुद्द रायांचा पाठिंबा होता. पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात शैक्षणिक फिल्मांचं केंद्र उभं करण्यातही त्यांचा हात होता. २०२० मध्ये कोलकात्यातच वारले. तिथं सिनेमा शिकायला ख्रिस्ती असावं लागत नव्हतं.

आणि आपण? फातमा बेगमने १९२६ मध्ये सिनेमा दिग्दर्शित केला, हिंदुस्थानातली पहिली बाई. मेहबूब खान आपले, के. आसिफ आपले. मुशायऱ्यात ही नावं छाती फुगवून घेतो. फक्त स्वतःची मुलगी कॅमेऱ्यामागे उभी राहते म्हटलं की आपल्याला हराम-हलाल आठवतं.

मालेगावच्या पोरांनी कोणाला विचारलं नाही. नासिर शेख आणि त्याच्या दोस्तांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला. ट्रॅकिंग शॉटला सायकल, क्रेनला बैलगाडी. शिकवणारं कोणी नव्हतं. पण त्यांची गोष्ट जगभर गेली ती फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला तेव्हा. त्या मालेगावच्या नव्हेत. हुनर आपल्याकडे होता, आहे. तो नीट मांडायचं तंत्र दुसऱ्याच्या हातात राहिलं, एवढंच.

ख्रिस्ती विद्यापीठात सगळं गोड असतं असं मी भाचीला सांगणार नाही. माझी तक्रार धर्मांतराची नाही, वेगळीच आहे. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक शॉर्ट फिल्म करावी लागायची. मी विषय सांगायच्या आधीच वर्गाने ठरवलं होतं की मी तलाकवर करणार. सरांनाही तेच हवं होतं. "तुझ्याकडे आतली गोष्ट आहे," म्हणाले. आमच्या घरात तलाक झालेला नव्हता, पण मी केली ती फिल्म. टाळ्या मिळाल्या.

माझ्याकडे आतली गोष्ट होती, ती दुसरी. आमच्या गल्लीत तंबोरे बनवणारे एक चाचा होते. मिरजेचे सतारमेकर पिढ्यान्‌पिढ्यांचे, पूर्वी हत्यारं घडवणारे शिकलगार. पंढरपूरच्या बाजूने येणारे भोपळे, लाकूड, कानशी, आणि जवारी लावताना तारेजवळ नेलेला कान. घोडीवरून एक बारीक पापुद्रा निघाला की सूर कसा उघडतो, ते मी लहानपणी उंबऱ्यावर बसून ऐकलं होतं. ते रेकॉर्ड करायला चांगला माइक लागतो, शांत खोली लागते, आवाज पकडायला शिकलेला माणूस लागतो. कॉलेजात तिन्ही फुकट होतं. मी नेलं नाही. चाचा दोन वर्षांनी गेले. त्यांच्या मुलाचं मोबाइलचं दुकान आहे.

यात कॉलेजचा दोष किती आणि माझा किती, याचा हिशोब अजून लागत नाही. भाचीला मी एवढंच सांगितलं की तिथं तुला 'मुस्लिम विषय' देणारे भेटतील. त्यांना नाही म्हणायचं असेल तर आपला विषय आधी हातात पाहिजे.

बाकी ज्या गोष्टी घरात बोलल्या जात नाहीत त्या आधी बोला. फिल्मचं शिक्षण एकट्याचं नसतं. पाच-सहा जणांचा गट असतो. कधी तुम्ही कॅमेऱ्यावर, कधी लाइट धरायला, कधी सगळ्यांसाठी चहा आणायला. रात्रीचं शूट असतं, तेव्हा हॉस्टेलचं दार किती वाजता बंद होतं ते विचारा. फीखेरीज शेवटच्या फिल्मचा खर्च बहुतेक स्वतःचाच असतो: हार्ड डिस्क, लोकेशन, गटाचं जेवण. शुक्रवारी दुपारी लेक्चर असेल तर जुम्म्याचं काय आणि हजेरी किती टक्के लागते, हे मुलांनी प्रवेशाआधी विचारावं, नंतर भांडू नये. रमजानमध्ये सेहरीची सोय मला मिळाली होती, कारण आम्ही चार मुलींनी वॉर्डनकडे लेखी अर्ज दिला होता. त्याआधीच्या वर्षी कोणी मागितलीच नव्हती.

काल दूल्हाभाईंचा पुन्हा फोन आला. चर्चचं नाव काढलं नाही. हॉस्टेलच्या दाराची वेळ आणि सेहरीचा अर्ज कोणाच्या नावाने करायचा, एवढंच विचारलं. भाची मागून ओरडत होती की अर्ज ती स्वतः लिहील. फी भरायची शेवटची तारीख सोमवार आहे.