ओल्या फरशीचा जाब कोणाला?



मागच्या महिन्यात पेठ बीडला नणंदेकडे जाऊन आले. दारातून आत गेले तर दाजी परातीपुढे बसून भाकरी थापत होते. साठी उलटलेला माणूस, जन्मात कधी पिठाला हात लावला नव्हता. मला पाहून लाजले आणि म्हणाले, "काय करता? तुमच्या आक्कांचं मनगट अजून वळत नाही." भाकरी जरा जाडच झाली होती, पण मी दोन खाल्ल्या.

आक्कांचं मनगट मोडलं ते घरात नाही, शेतात नाही, रस्त्यावरही नाही. ते मोडलं समुद्रात, जहाजावर. आपल्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. साधी रेल्वे बीड शहरात यायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. तिथली बाई जहाजावर पडली, हे ऐकून गल्लीतल्या बायका आधी हसल्या. मीही हसले असते, पण आक्कांचा चेहरा पाहिला आणि गप्प बसले.

झालं असं. भाचा मुंबईत कारखान्यात कामाला आहे. आई-बापाच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्याने वर्षभर पैसे साठवून मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजाची तिकिटं काढली. आक्कांनी आयुष्यभर शाळेत आयाचं काम केलं. त्यांना असलं सुख कधी मिळालंच नव्हतं. पहिला दिवस मोठ्या आनंदात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वरच्या डेकवर गेल्या. तिथे पोहण्याचा तलाव आहे. पोरं उड्या मारत होती, पाणी काठावर सांडत होतं. त्यातच एक पोरगा फरशी पुसून नुकताच पुढे गेला होता. ना फलक, ना दोरी, ना रबरी पट्टी. आक्कांचा पाय सटकला. सारा भार उजव्या हातावर आला आणि मनगटाचं हाड मोडलं.

जहाजावरच्या दवाखान्यात हात बांधला. मग एक साहेब आला आणि इंग्रजीत टाइप केलेला कागद पुढे केला. "नेहमीचाच कागद आहे, सही करा," म्हणाला. उजवा हात बांधलेला, म्हणून आक्कांनी डाव्या हाताने कशीबशी सही केली. भाच्याने मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढून ठेवला होता. घरी आल्यावर नीट वाचला, तेव्हा कळलं. त्यात लिहिलं होतं की, प्रवासी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडल्या, जहाजाची काही चूक नाही.

आक्कांना हाड मोडल्याचं जेवढं दुःख नाही, तेवढं या एका ओळीचं आहे. त्या म्हणाल्या, "अगं, पंचवीस वर्षं मी शाळेची फरशी पुसली. पुसली की वाळेपर्यंत मधोमध बादली आडवी ठेवायची. पोरांची सुट्टी झाली की मी स्वतः तिथं उभी राहायची. एक लेकरू पडू दिलं नाही. अन् मला म्हणतात निष्काळजी!"

भगिनींनो, हा मुद्दा नीट लक्षात घ्या. सुरक्षिततेवर जाडजूड पुस्तकं आहेत. पण आपली आक्का बादली आडवी ठेवत होती, त्यात त्या पुस्तकांचा सारा अर्थ आला. जिथे माणसं चालणार आहेत तिथे फरशी ओली आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने दुसऱ्याला सांगायचं आणि वाट अडवायची.

जहाजावर तर हे जास्त जपावं लागतं. तळपाय आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर आला की पकड सुटते. त्यात पोहणाऱ्यांच्या अंगाचं तेल, साबण मिसळला की फरशी आणखी बुळबुळीत होते. घरची मोरी निदान जागेवर असते, जहाज मात्र डुलत असतं. ते कलतं तसं तलावातलं पाणी हिंदकळून बाहेर येतं, आणि आपला तोल जायलाही तोच क्षण पुरतो. म्हणून डेकला खरबरीत पृष्ठभाग, पाणी निघून जायला वाट, धरायला कठडा आणि ओल्या जागी फलक एवढं तरी हवंच. तलावाजवळ जीवरक्षक असेलच असं धरून चालू नका. जगातल्या अनेक मोठ्या जहाजांवर वर्षानुवर्षे तो नसायचा. लेकरांवर लक्ष आपणच ठेवायचं.

आता आक्कांचीही चूक सांगते, कारण त्यांनी स्वतःच ती कबूल केली. पायातली चप्पल घासून गुळगुळीत झालेली होती. जहाजावर जाताना नवी साडी घेतली, पण चप्पल जुनीच राहिली. आपल्या घरात असंच होतं. चप्पल सगळ्यात शेवटी. पण चप्पल जुनी होती म्हणून कठडा आणि फलक लावण्याची मालकाची जबाबदारी संपत नाही. कोणाची चूक किती, हे ठरवायला न्यायाची जागा आहे. ते मालकाने स्वतःच टाइप करून आणायचं नसतं.

मी आक्कांना म्हणाले, "तक्रार करा." त्या गप्प बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तो पुसणारा पोरगा आपल्याच लेकरासारखा होता गं. पडल्यावर सगळ्यात आधी तोच धावत आला. मी तक्रार केली की त्याची नोकरी जाईल. मालकाला काय, तो दुसरा पोरगा ठेवील."

माझ्याजवळ लगेच उत्तर नव्हतं. आपण कष्ट करणारी माणसं, दुसऱ्या कष्टकऱ्याच्या पोटावर पाय देणं आपल्याला जमत नाही, आणि जमूही नये. पण घरी येताना एस.टी.त विचार केला. त्या पोराला फलक कोणी दिला होता का? एकट्याला किती डेक पुसायला लावले होते? गर्दीच्या वेळी पुसायचं कोणी ठरवलं? हे सगळं मालकाच्या हातात असतं, पोराच्या नाही. म्हणून तक्रार व्यवस्थेविरुद्ध लिहायची, पोराविरुद्ध नाही. तसं अर्जात स्पष्ट लिहायचं की, काम करणाऱ्याचा दोष नाही, त्याला साधन दिलं नव्हतं. उद्या तोच पोरगा ओल्या डेकवर पडला तर त्याचंही हाड मोडणार आहे.

परदेशातली एक गोष्ट सांगते. अमेरिकेत युलाला शूट नावाची बाई प्रवासी जहाजाने मेक्सिकोकडे निघाली होती. जहाजाचं स्वयंपाकघर बघायला गेली असताना डेकवरच्या चटईवरून घसरली आणि जखमी झाली. ती राहायची वॉशिंग्टन राज्यात, देशाच्या एका टोकाला. पण तिकिटावर बारीक अक्षरात छापलेलं होतं की, दावा करायचा तर फ्लोरिडातच, म्हणजे दुसऱ्या टोकाला. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९१ साली न्यायालयाने ती अट वैध ठरवली. बारीक अक्षरं न वाचण्याची किंमत ही अशी असते.

आपल्याकडे या बाबतीत गरिबाला जरा बरा आधार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक जिथे राहतो किंवा कामधंदा करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे आक्कांना मुंबईला खेटे घालायची गरज नाही, बीडच्या आयोगाकडे जाता येतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही. यात 'सेवेतील त्रुटी' हा शब्द महत्त्वाचा, तो अर्जात लिहा. १९१५ या क्रमांकावर ग्राहकांसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, तिथे आधी विचारून घ्या. आणि कुठल्या कागदावर सही झाली म्हणून दार बंद होत नाही. काम अवघड होतं एवढंच. तो कागद कोणत्या अवस्थेत, कोणत्या भाषेत, काय सांगून सही करून घेतला, हेही आयोगापुढे मांडता येतं.

दाजी म्हणाले, "पैसे मागायचे म्हणजे बरं दिसत नाही." मी त्यांना बाबासाहेबांची गोष्ट सांगितली. १९१७ साली ते विलायतेहून परतले, तेव्हा त्यांचं सामान दुसऱ्या बोटीने येत होतं. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली. सामान गेलं, जमवलेली पुस्तकं गेली. त्या सामानाची भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून त्यांना सहाशे रुपये मिळाले, आणि बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हायला जाताना तेच पैसे कामी आले. भरपाई ही भीक नव्हे. नुकसान झालं त्याचा तो हिशोब आहे. दाजींनी मान हलवली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

तुम्ही म्हणाल, आपण कधी जहाजात बसणार? अहो, मुंबईला गेलं की आपली माणसं गेटवेला जातात आणि लेकरांच्या हट्टाखातर घारापुरीच्या बोटीत बसतात. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची चाचणी चालू असलेली वेगवान बोट आदळली, त्यात पंधरा जणांचा जीव गेला. दोन्ही अपघातांत सत्त्याहत्तर वर्षांचं अंतर, पण बोटीत बसणाऱ्याने विचारायचा प्रश्न तोच. माझं लाइफ जॅकेट कुठे आहे?

म्हणून चार गोष्टी लिहून ठेवा, आणि पोरा-सुनांना वाचून दाखवा.

बोटीत बसताच जॅकेट मागून घ्या आणि अंगावर घालून बांधा. उशाला घेऊन बसू नका. लेकराला त्याच्या मापाचं मागा. मोठ्या जहाजावर सुरुवातीलाच संकटात कुठे जमायचं त्याची कवायत असते. २०१२ साली इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' जहाज खडकावर आदळून बत्तीस जण मेले, त्यानंतर ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी असा आंतरराष्ट्रीय नियम झाला. ती टाळू नका. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज आले की नेमून दिलेल्या जागी जायचं.

ओल्या डेकवर रबरी, खाचा असलेल्या तळव्याची चप्पल घाला. कठडा धरून चाला. साडीचा घोळ वर खोचा. लेकरांना पळू देऊ नका.

पडलातच तर आधी दवाखाना. मग जागेचा, पाण्याचा, फलक नसल्याचा फोटो. बघणाऱ्या दोघांची नावं आणि फोन नंबर. तिकीट, औषधाच्या पावत्या, एक्स-रे एका पिशवीत ठेवा.

आणि न वाचलेल्या कागदावर सही नको. "माझ्या मुलाला वाचू द्या" एवढं म्हणायला इंग्रजी लागत नाही. सही करावीच लागली तर खाली मराठीत लिहा, "मजकूर मला समजलेला नाही." आणि त्याची प्रत मागा.

आक्का प्रौढ वर्गात सही शिकल्या, तेव्हा घरभर भिंतीवर कोळशाने सही केली होती. दाजी रागावले होते. तीच सही कोणीतरी त्यांच्याच विरुद्ध वापरली, ही खंत त्यांना झोपू देत नव्हती.

परवा भाच्याचा फोन आला. "मामी, आईने अर्ज सांगितला, मी लिहून घेतला. आठ महिने झालेत, मुदत आहे अजून. पहिली ओळ आईने सांगितली ती तशीच ठेवली आहे."

मी विचारलं, "कोणती?"

तो म्हणाला, "मी पंचवीस वर्षे फरशी पुसली आहे. ओली फरशी कशी राखायची ते मला माहीत आहे."

अर्जाखाली आक्कांनी सही केली आहे. उजव्या हाताने. जरा वाकडी आली आहे म्हणे, पण या वेळी सगळा कागद वाचून घेऊन.