व्युत्पत्तीचा मोह

इंग्रजीतील एखाद्या रोजच्या शब्दाचे मूळ संस्कृतात सापडले की आपल्याकडे वाद संपला असे मानले जाते. पु. ना. ओक यांनी तर 'ख्रिश्चॅनिटी'चे मूळ 'कृष्णनीती'त शोधले. असल्या ध्वनिसाम्याला व्युत्पत्तिशास्त्र म्हणता येत नाही, म्हणून ते बाजूला ठेवू. अधिक घातक आहेत ते बिनचूक व्युत्पत्तीतून काढले जाणारे चुकीचे निष्कर्ष.

'शुगर' हा शब्द 'शर्करा'पासून आला, हे निर्विवाद आहे. परंतु फारसी 'शकर', अरबी 'सुक्कर', मध्ययुगीन लॅटिन आणि जुनी फ्रेंच इतके मुक्काम करून तो इंग्रजीत पोचला. मुळाचा अभिमान बाळगणारे हे मुक्काम सोयीस्करपणे गाळतात. शिवाय 'शर्करा' म्हणजे आधी खडे, रेती. मूळ अर्थ हाच खरा अर्थ मानला, तर कोपरगाव तालुक्यातील कोळपेवाडी आणि सहजानंदनगर येथील कारखाने इतकी वर्षे पोत्यांत खडेच भरीत आले असे म्हणावे लागेल.

याच कारखान्यांच्या परिसरात मराठी होऊन गेलेला दुसरा इंग्रजी शब्द म्हणजे 'शेअर'. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कापणे, कापून केलेली वाटणी. कातरणे या अर्थाचे 'शिअर' हे क्रियापद त्याच्याच गोतातले. मूळ अर्थ प्रमाण असता तर शेअरवर पहिला हक्क ऊस तोडणाऱ्याचा ठरता. प्रत्यक्षात सभासद होतो तो ऊस पिकवणारा. तोडणारा मुकादमाकडून उचल घेऊन हंगामापुरता येतो आणि त्याच्या वाट्याला शब्द येतो 'कोयता'. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी तेथे मोजणी होते. दोन माणसांना एका हत्याराचे नाव मिळावे, हा अर्थ कोणत्याही धातूतून निघत नाही. मोजणारा कोण आणि मोजला जाणारा कोण, या व्यवहारातून तो निघतो.

शब्दाचा अर्थ वंशावळीवरून ठरत नाही, हे सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून भाषाविचाराला ठाऊक आहे. तरीही 'साहित्य' म्हणजे 'सहित'चा भाव, सबब साहित्याने सर्वांना सोबत घेतलेच पाहिजे, असा युक्तिवाद मराठी समीक्षेत अजून होतो. कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा 'मराठी व्युत्पत्ति कोश' शब्दांचा इतिहास देतो. समीक्षकाने त्याच्याकडे अर्थाचा निवाडा मागू नये. 'कोयता' कोणत्या धातूपासून आला हे कोशकाराने सांगावे. तो माणसांवर कसा आला, हे सांगणे समीक्षेचे काम आहे, आणि ते तिने टाळले आहे.