आरंभीचा आंकडा नसेल तर वाइनचा हिशेब लागत नाहीं

द्राक्षाच्या रसापासून वाइन करणाऱ्या बागाइतदारांस "हिच्यांत मद्यार्क किती?" असें विचारलें असतां पुष्कळदां जिभेचाच दाखला मिळतो. जीभ गोडी, आंबटपणा व तुरटपणा सांगते. शेंकडा प्रमाण सांगत नाहीं. आमचें स्पष्ट मत असें कीं, तें प्रमाण मोजून लिहून ठेवणें हें कर्तव्य आहे, आणि त्याचा आरंभ रस आंबण्यापूर्वींच झाला पाहिजे. महाराष्ट्रांत परवान्यावांचून घरीं मद्य करणें १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें गुन्हा असल्यामुळें हा विचार परवानाधारकांपुरताच समजावा.

साधन साधें आहे. डेअरीवरील लॅक्टोमीटर सर्वांच्या परिचयाचा आहे. हायड्रोमीटर ही त्याच जातीची कांचेची नळी. रसांत साखर असते तोंपर्यंत नळी उंच तरंगते. यीस्ट साखर खातें, तिचा मद्यार्क व वायु होतो, वायु निघून जातो, रस हलका होतो आणि नळी खोल बुडते. आरंभीं १.०९० व अखेरीस ०.९९५ आल्यास फरक ०.०९५, त्यास १३१ नें गुणिलें म्हणजे आकारमानानें शेंकडा सुमारें साडेबारा मद्यार्क झाला.

कित्येक म्हणतात, तयार वाइनमध्यें एकदांच नळी सोडली म्हणजे पुरे. तें बरोबर नाहीं. उरलेली साखर द्रव जड करते, मद्यार्क त्यास हलका करतो. अखेरीस १.०२० आल्यास, आरंभ १.०९० असेल तर मद्यार्क सुमारें ९.२ टक्के, आरंभ १.११० असेल तर ११.८. आरंभीची शिल्लक न लिहितां अखेरची शिल्लक काढणारी खतावणी महसुलाच्या दप्तरांत कोणी मान्य करीत नाहीं. मग येथें कां करावी?

बागेंत ब्रिक्स पाहण्याचा रिफ्रॅक्टोमीटर पहिल्या मोजणीस चालतो, परंतु रस आंबल्यावर मद्यार्कामुळें त्याचा आंकडा फसवा होतो. हायड्रोमीटर वापरतांना रस नळीवर छापलेल्या उष्णमानास, बहुधा २० अंशांस, आणावा. उष्ण रस हलका भासतो. आंबलेल्या द्रवांतील वायु ढवळून काढावा, नाहीं तर बुडबुडे नळीस वर उचलतात.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. हायड्रोमीटर विषाचा पारखी नव्हे. मिथिल अल्कोहोल व पिण्याचा मद्यार्क यांची घनता जवळजवळ सारखीच असल्यामुळें, आंकडा बरोबर आला म्हणून द्रव निर्धोक ठरत नाहीं. त्यासाठीं प्रयोगशाळेची तपासणीच हवी.

सबब आमची सूचना अशी कीं, प्रत्येक टांकीची स्वतंत्र वही ठेवावी; तींत तारीख, उष्णमान व आरंभीचा आंकडा यीस्ट घालण्यापूर्वीं लिहावा; आणि बागाइतदारांच्या संघांनीं तालुक्यास एक तपासून घेतलेली नळी ठेवावी, म्हणजे प्रत्येकास आपली नळी तिच्याशीं ताडून पाहतां येईल. बाटलीवर छापलेला आंकडा पाहून ग्राहक किती प्यावें हें ठरवितो. तो आंकडा म्हणजे बागाइतदाराचा शब्द आहे. तो अंदाजानें देऊं नये.