पहिलीत हिंदीचा वाद; कोरकू पोरांच्या मराठीचं काय?

पहिलीपासून हिंदी की नको, यावरून २०२५ मध्ये राज्यभर गदारोळ झाला. १६ एप्रिलला सक्तीचा जीआर आला, १७ जूनला सुधारित जीआर आला. विरोध वाढल्यावर २९ जूनला दोन्ही जीआर रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. चर्चा कायम 'तिसऱ्या भाषे'ची. पण धारणी-चिखलदऱ्यातल्या कोरकू पोरासाठी मराठी हीच दुसरी भाषा आहे. इंग्रजी तिसरी, हिंदी चौथी.

कोरकू म्हणजे मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, झारखंडच्या संथालीच्या नात्यातली भाषा आहे. म्हणजे पहिलीत बसलेल्या पोराला फळ्यावरचा शब्द ओळखीचा वाटेल, असं काही नाही.

मग दुसरी भाषा येते कशी? आपल्या शेतातच पाहा. संत्रा तोडायला, हरभरा सोंगायला मेळघाटातून मजूर खाली येतात. दोन-चार हंगामात कामापुरती मराठी बोलू लागतात. त्यांना व्याकरण कोणी शिकवलं? कॅरेट उचल म्हटलं की कॅरेट समोरच असतं. शब्दाचा अर्थ डोळ्यांना दिसतो, रोज कानावर पडतो, आणि चुकलं तरी काम अडत नाही.

आता उलटं उदाहरण. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आहे. बारावीपर्यंत बारा वर्षं होतात, तरी इंग्रजीत चार वाक्यं बोलायची म्हटली की बरीच पोरं गप्प होतात. कारण पुस्तक आहे, पण ती भाषा बोलणारं आजूबाजूला कोणी नाही. नुसतं लवकर सुरू करून भाषा येत नाही.

दुसरी अडचण कळत नाही, म्हणून जास्त नुकसान करते. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलं की बोलण्यापुरती दुसरी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण धडा आणि गणित समजण्याइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. पोरगं गुरुजींशी मराठीत बोलतं, म्हणून त्याला धडाही समजला असं आपण धरतो. मग मार्क कमी पडले की 'याला डोकंच नाही' म्हणतो. डोकं आहे बावा, भाषा अजून यायची आहे!

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असं लिहिलं आहे. ते कागदावरून वर्गात आणायला आपल्या हातातही काही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के पालक असतात. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: पहिली-दुसरीच्या वर्गात कोरकू समजणारं कोणी आहे का? नसेल, तर कधी येणार? उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. चौथ्या भाषेचं नंतर पाहू.