दुर्ग आणि कोठार

आरे वसाहतींत हिंडणाऱ्यास आपण एका बेटावर उभे आहोंत ह्याची आठवण सहसा राहत नाहीं. परंतु ती वसाहत साष्टी बेटावर आहे, आणि ह्याच बेटासाठीं १७७४ सालीं ठाण्याच्या किल्ल्यांत मराठे लढले.

त्या वर्षीं २० डिसेंबरास इंग्रजांच्या तोफा ठाण्यावर सुरू झाल्या. आठवड्याभरांत तटास खिंडार पडलें. २७ च्या रात्रीं खंदक बुजवूं पाहणाऱ्या शत्रूस शिबंदीनें मागें रेटलें. शंभर गोऱ्यांची हानि झाली. पण दुसऱ्या संध्याकाळीं किल्ला पडला व आंतील बहुतेकांची कत्तल झाली. १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

हल्ल्यापूर्वींचा मारा केवळ तट पाडण्यासाठीं असतो, असें मुलांस वाटतें. त्याचा दुसरा हेतु रक्षकांचें कोठार रितें करणें हा होय. हें तीन प्रकारें घडतें. पहिला, गोळा थेट कोठारावर पडतो. फिलिपाईन्समधील कोरेजिडोर बेटावर २ मे १९४२ रोजीं असेंच एक कोठार उडालें. चार दिवसांनीं बेट शरण गेलें. दुसरा, वाटा उखडल्यामुळें कोठारांतील माल तोफेपर्यंत पोंचत नाहीं. तिसरा प्रकार सर्वांत घातक : डिवचलेला रक्षक उत्तर देत सुटतो. त्यांत दारूगोळा घटतो, आणि तोफेची जागाही उघडी पडते. जपानच्या इवो जिमा बेटाजवळ १७ फेब्रुवारी १९४५ रोजीं लहान अमेरिकन नौका आल्या. हाच हल्ला असें समजून लपविलेल्या तोफांनीं मारा केला, आणि मग युद्धनौकांनीं त्यांचा वेध घेतला. खरें सैन्य उतरलें १९ तारखेस. ज्यांनीं भुयारांत दबा धरून हात आवरला, ते मात्र महिनाभर झुंजले.

जमिनीवरील किल्ल्यास रात्रीं चोरवाटेनें एखादी गाडी येऊं शकते. समुद्र रोखलेल्या बेटावर गेलेला गोळा परत भरून येत नाहीं. कौटिल्यानें राज्याच्या सप्तांगांत दुर्गाच्या पाठोपाठ कोश सांगितला आहे. कोश म्हणजे द्रव्य खरें. पण वेढलेल्या बेटाचें द्रव्य दारूगोळा हेंच.

ठाण्याच्या त्या किल्ल्यांत आज कारागृह आहे. वाचकांनीं त्यावरून जातांना मुलांस एवढें अवश्य सांगावें कीं, आठवडाभर मारा सोसूनही जी शिबंदी त्या रात्रीं शत्रूस रेटूं शकली, तिनें कांहींतरी राखून ठेवलें असलेंच पाहिजे.