प्रमाण मराठीत करून आणा म्हणे!

हल्ली 'स्पोकन वर्ड' हा शब्द नुसता उच्चारला तरी आमच्याकडच्या जुन्या-जाणत्या कवींच्या कपाळावर आठी पडते. स्टेजवर उभं राहायचं, हातात माइक घ्यायचा आणि पाठ केलेलं (किंवा मोबाइलमध्ये बघून वाचलेलं) स्वतःचंच काहीतरी सांगायचं. मी कोण, माझं गाव कुठलं, माझा बाप काय करतो, लोक मला कुठल्या नावाने हिणवतात वगैरे. याला कविता म्हणायची का, हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि ही अमेरिकेतली थेरं आपल्याकडे कशाला, हा दुसरा. पहिला प्रश्न मला मान्य आहे. तो कुठल्याही कवितेला विचारायलाच हवा, छापील कवितेला तर आधी. दुसरा ऐकला की मात्र माझं डोकं फिरतं.

अमेरिकेचं म्हणाल तर मार्क स्मिथ नावाचा एक बांधकामावर काम करणारा कवी होता. त्याने शिकागोच्या 'ग्रीन मिल' या जॅझ क्लबात १९८६ साली 'पोएट्री स्लॅम' सुरू केलं. श्रोत्यांतूनच परीक्षक उचलायचे, त्यांनी तिथल्या तिथे गुण द्यायचे. चांगली गोष्ट केली बिचाऱ्याने, मला त्याच्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण १९८६ च्या आधी माणसं स्वतःबद्दल चारचौघांत मोठ्याने, लयीत काही बोलतच नव्हती की काय?

आमच्या खान्देशात आखाजीला या आणि बघा. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडे ती नुसता मुहूर्त नसते, सासुरवाशिणींची दिवाळी असते. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. (पुरुष मंडळी त्या वेळी पत्ते कुटत असतात, तो वेगळा विषय.) झोक्यावर बसलेली बाई काय गाते? सासू काय बोलली, नणंदेने काय केलं, भाऊ न्यायला आला का नाही, माहेर दिसतं पण वाट संपत नाही. म्हणजे 'मी कोण आणि माझं काय चाललंय' हेच ना? आणि जात्यावरच्या ओव्यांचं तर विचारूच नका. हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून लोकांसमोर येताहेत, गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट. लाखाहून जास्त! वाचायला बसलं तर जन्म पुरणार नाही. त्या बायांपैकी कुणी शिकागोला जाऊन आली होती?

आणि आमच्या जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई (१८८०-१९५१). त्यांना लिहिता येत नव्हतं. घरातलं, शेतातलं काम करता करता जे सुचे ते त्या म्हणत. सोपानदेवांनी, म्हणजे त्यांच्या मुलाने, आणि एका नातेवाइकाने त्यातलं काही वेळोवेळी उतरवून घेतलं. त्या गेल्यावर ती वही आचार्य अत्र्यांसमोर गेली आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईची गाणी' छापून आली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आता एक लक्षात घ्या, अत्रे सासवडचे. बहिणाबाईंची भाषा तिकडची लेवा गणबोली (तिला सरसकट अहिराणी म्हणतात ते काही खरं नाही, पण असो). त्यातले कितीतरी शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाने जन्मात ऐकले नव्हते. तरीही वही हातात आल्यावर अत्र्यांनी "आधी प्रमाण मराठीत करून आणा" असं सोपानदेवांना सांगितलं नाही.

हे वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही. ते आमच्या घरातल्या एका मुलीला सांगितलं गेलंय.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ सुरतेला उधन्यात लूमवर. साक्री-पिंपळनेर भागातली किती माणसं सुरतेला आहेत ते इथल्या कुठल्याही घरात विचारा, एखादा तरी निघेलच. मुलगी तिकडेच वाढली. तिकडे ती 'मराठी', इकडे सुट्टीत आली की 'सुरतवाली'. घरात अहिराणी, शाळेत गुजराती, मैत्रिणींशी हिंदी. तिने यावरच एक पाच मिनिटांचं सादरीकरण बसवलंय, अहिराणीत. कोंडाईबारीचा घाट उतरला की बसमधल्या माणसांचे आवाज कसे बदलत जातात, इथून ते सुरू होतं. मग नवापूर. ते रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. तिथे एका बाकावर मधोमध हद्द रंगवलेली आहे. पोरगी म्हणते, मी त्या बाकावर नक्की कुठे बसू? मी तिची फुई, मला कौतुक असणारच, तेवढं वजा करा. पण एवढ्या वर्षांत मी जी कविसंमेलनं ऐकली त्यांत यमक जुळवून टाळ्या घेणारे पावसाळे इतके झालेत, की हे ऐकून मी खरंच सरळ होऊन बसले.

एका कविसंमेलनासाठी तिने नाव दिलं. (कुठलं ते सांगणार नाही, आणि विद्यापीठाशी त्याचा काही संबंध नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.) संयोजकांनी ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, छान आहे, पण प्रमाण मराठीत करून आणा. अहिराणीचं आपण शेवटी ठेवतो ना, विनोदी, तेव्हा लोक थकलेले असतात.

मंडळी, या वाक्यात सगळं आलं. अहिराणीत लग्नाला डीजेवर गाणी वाजलेली चालतात, त्यावर सगळा मांडव नाचतो. अहिराणीतले विनोद चालतात. राजकारणी मंडळी भाषणाच्या सुरुवातीला दोन वाक्यं अहिराणीत टाकतात, त्याला तर टाळ्या पडतात. फक्त त्या भाषेत कुणी गंभीर चेहऱ्याने उभं राहून "हे माझं आहे" म्हणालं की सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं.

आणि "करून आणा" म्हणजे काय करून आणा? अहिराणीत 'माझी'ला 'मनी' म्हणतात (काही गावांत 'मन्ही'). आता 'मनी माय' चं 'माझी आई' करून बघा. व्याकरणाने बरोबर. पण 'मनी माय' ही पहाटे उठून भाकरी थापणारी आणि आमच्यावर डाफरणारी बाई आहे, आणि 'माझी आई' हा चौथीतला निबंध आहे. ओळखीची कविता लिहायची आणि त्यातला 'माझं' हाच शब्द बदलायचा, म्हणजे शिल्लक काय राहिलं?

कुणी म्हणेल, अहिराणी मराठीचीच बोली, मग एवढं काय? तर ग्रिअर्सनने भाषांच्या पाहणीत खान्देशीला मराठीच्या खंडात नाही, भिली भाषांबरोबर बसवलं होतं, १९०७ साली. पुढच्या अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत, चालू देत. मला त्यात पडायचं नाही. बोली म्हणा की भाषा म्हणा, २०११ च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली साडेअठरा लाखांवर माणसं मोजली गेली. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्हीही पेढे वाटले. त्या पेढ्यांत आमचा वाटा आहे की नाही?

बरं, हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. आसाममध्ये बंगाली मूळ असलेल्या मुसलमान तरुणांनी २०१६ च्या सुमारास स्वतःच्या ओळखीवर कविता लिहायला सुरुवात केली, 'मिया' ही त्यांना दिलेली शिवीच नाव म्हणून घेतली. २०१९ साली दहा जणांविरुद्ध पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. आणि गंमत बघा, त्या वेळी मोठ्या विचारवंतांकडूनही एक आक्षेप आला, की हे असमियात का लिहीत नाहीत, बोलीत कशाला? साक्रीत काय नि गुवाहाटीत काय!

आपल्याकडे याचं उत्तर फार आधीच देऊन झालंय. शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे, त्यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ चा. त्यांची 'स्टेज' ही कविता आठवा, नसेल वाचली तर मिळवून वाचा. दुःख ज्यांचं, त्यांना खाली बसवून स्टेजवर दुसरेच लोक त्याबद्दल बोलत राहतात, हा तिचा विषय. शहादा इथून काही परदेशात नाही. आपल्या साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात भिली, कोकणा, मावची बोलणारी गावंच्या गावं आहेत. त्यांच्यातल्या किती जणांना आपल्या संमेलनांच्या स्टेजवर बघितलंय? अहिराणीला निदान शेवटचा विनोदी नंबर तरी आहे.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावते, नाहीतर भाचीचा पक्ष घेतला म्हणाल. शहरांतले ओपन माइकचे व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले. त्यांत एक साचा तयार झालाय. मागे पियानोचे दोन सूर, सुरुवात कुजबुजीने, मध्ये श्वास अडकवायचा, शेवटी आवाज चढवून एक टाळीचं वाक्य. दुःख कुणाचंही असो, आवाज एकच! वामनदादा कर्डकांसारख्या (१९२२-२००४) शाहिराने गावोगाव फिरून आयुष्यभर गायलं ते स्वतःच्या समाजाचं जगणंच होतं, पण त्यासाठी आधी चाल पाहिजे, ठेका पाहिजे, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला कळेल असा शब्द पाहिजे. मी सोसलं म्हणून ती आपोआप कविता होत नाही. पहिला प्रश्न मला मान्य आहे म्हणाले ते यासाठीच. मात्र तो प्रश्न कविता ऐकल्यावर विचारायचा. स्टेजच्या पायरीवर भाषेचा दाखला मागून नाही.

राहिली आमची घरची मंडळी. तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे, म्हणून इथेच लिहिते, फोनवर नको. पोरीने बापाच्या लूमचं आणि डोक्यावरच्या कर्जाचं माइकवर सांगितलं, घरातलं चव्हाट्यावर आणलं, अशी कुरकुर माझ्या कानावर आलीय. आखाजीला झोक्यावर आपल्याच आज्या, आत्या सगळ्या गल्लीसमोर सासरचं काय काय गात होत्या ते आठवतंय ना? तेव्हा कुणाची इज्जत गेली नव्हती. हां, एक फरक आहे आणि तो मी नाकारत नाही. झोक्यावरच्या गाण्यातली सासू कुणाचीही सासू असते, या कवितेतला बाप मात्र एकच आहे आणि त्याला लोक ओळखतात. शिवाय गाणं झोक्याबरोबर विरून जायचं, हे मोबाइलमध्ये राहतं. म्हणून ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला आधी ऐकवावं, एवढा नियम मला पटतो. तिने तो पाळलाय. भावाला सगळं म्हणून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच दुरुस्ती सांगितली: चार लूम नाही, मी सहा बघायचो. तिने तेवढं बदललं. ज्याची तक्रार असायला हवी होती त्याची नाही, मग बाकीच्यांनी कशाला जीव खालीवर करायचा?

आणि संयोजक मंडळींना एक सूचना. जळगावच्या ज्या विद्यापीठात धुळे-नंदुरबारची आपली पोरं शिकतात, त्याला २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे. लिहिता न येणाऱ्या, बोलीत बोलणाऱ्या बाईचं. आपल्या प्रत्येक संमेलनात त्यांच्या फोटोला हार घालूनच सुरुवात होते. पुढच्या वेळच्या अर्जावर 'कवितेची भाषा' अशी एक ओळ छापा, आणि तिच्यापुढे मराठी, अहिराणी, भिली, कोकणा, मावची एवढं लिहा. वेळ सगळ्यांना पाच मिनिटं, नंबर चिठ्ठी टाकून. श्रोत्यांना एखादा शब्द अडला तर शब्दार्थांचा कागद मी स्वतः काढून देते. झेरॉक्सचा खर्चही माझा.