भीतीने वाढवलेली माणसे

नागपुरात मनीषनगरच्या रेल्वे फाटकापाशी ताटकळण्यात ज्यांची वर्षे गेली, त्यांना रुळांखालून रस्ता झाला तेव्हाचा आनंद आठवत असेल. त्याच रस्त्यावर काही काळापूर्वी आमच्या इमारतीतला एक तरुण स्कूटर बाजूला लावून भिंतीला टेकून खाली बसला. छाती धडधडत होती, हातांना मुंग्या आल्या होत्या, श्वास पुरत नव्हता आणि आपण आता मरणार याची त्याला खात्री वाटत होती. ओळखीच्या कोणीतरी त्याला दवाखान्यात नेले. ईसीजी नॉर्मल आला, रक्तातही दोष निघाला नाही. ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका’ असे ऐकून तो घरी आला आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला. आठवडाभरात तेच पुन्हा झाले, मग पुन्हा. आईने मीठमोहरी उतरवून टाकली. वडील म्हणाले, आमच्या वेळी असली नाटके नव्हती. काकांनी बजावले, लग्न ठरेपर्यंत हे चार भिंतींबाहेर जाता कामा नये. आणि मी? मी त्याला जिन्यात गाठून पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, ‘एवढं मनाला लावून घेऊ नये, मन घट्ट कर.’ मला वाटले, मी त्याला धीर दिला. तो मान खाली घालून वर निघून गेला. पुढे सहा महिने तो मला टाळत होता.

या लेखातला आरोप त्या घरावर नाही. ती माणसे आपल्यासारखीच आहेत, शिकलेली, मुलावर जीव टाकणारी. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, भंडाऱ्याहून नोकरीशिक्षणासाठी येऊन आपण अशा वस्त्यांत घरे केली, मुलांना इंजिनिअर केले, रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यायला शिकलो. पण मन आजारी पडू शकते आणि ते बरेही होते, ही एक गोष्ट शिकायची राहून गेली. त्या मुलाला जे झाले त्याला वैद्यकात नाव आहे. तो पॅनिक ॲटॅक होता. संकटात जीव वाचावा म्हणून निसर्गाने शरीराला धोक्याची घंटा दिली आहे. ती वाजली की ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते, हृदय जोरात धावते, श्वास भराभर होतो. श्वास फार जलद झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यातून चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. वाघ समोर असता तर हे सारे उपयोगाचे होते. चिंताविकारात वाघ नसतानाही घंटा वाजते. काही मिनिटांत लाट शिगेला पोचते आणि मग ओसरते, पण त्या मिनिटांतली मरणाची भीती पूर्ण खरी असते. पहिल्यांदा असे झाले तर हृदय, थायरॉइड, रक्तातली कमतरता हे सारे तपासलेच पाहिजे. मात्र तपासण्या नॉर्मल आल्या याचा अर्थ माणूस ठणठणीत आहे असा होत नाही. दुखणे कुठे नाही, एवढेच त्या कागदाने सांगितलेले असते. ‘काही झालेलं नाही’ या शब्दांनी आपण त्या माणसाला खोटे ठरवतो, आणि त्यानंतर तो बोलायचा थांबतो.

हे मला फार उशिरा कळले. माझी आई संध्याकाळ झाली की छातीवर हात ठेवून ओसरीवर बसायची. ‘जीव कसातरीच होते रे बाबा,’ एवढेच म्हणायची. आम्ही तिला कधी लिंबूपाणी दिले, कधी रामरक्षा म्हणायला सांगितले, बहुतेक वेळा ऐकून न ऐकल्यासारखे केले. आधी तिने सीताबर्डीच्या बाजारात जाणे सोडले, मग एसटीचा प्रवास, मग लग्नकार्ये. नातेवाइकांनी ‘तिला माणसं नकोत’ असा शिक्का मारला. माणसे तर तिला हवीच होती. भर मांडवात आपला जीव घाबरा झाला, तर चार लोकांत शोभा होईल, या धास्तीने ती घरात बसत होती. शेवटची पंधरा वर्षे तिने तीन खोल्यांत काढली, आणि आम्ही मुले अभिमानाने सांगत राहिलो की आमच्या आईला घर सोडून करमत नाही. तिच्या दुखण्याला जगात नाव होते, उपचार होते, ते करणारे डॉक्टर याच शहरात होते. तिच्या दुर्बलतेवर आम्ही बोट ठेवत आलो. खरी दुर्बलता आमच्या पाहण्यात होती.

ही दृष्टी आपल्याला कोठून मिळाली? तिची मुळे घरातच सापडतील. मूल जेवत नाही, बागुलबुवाला बोलावतो. हट्ट करते, पोलीस पकडून नेईल. रडते, डॉक्टरकाका सुई टोचतील. अंधाराची, देवाच्या कोपाची, मास्तरच्या छडीची भीती घालून आपण पिढ्यान्‌पिढ्या मुले वाढवली आणि त्याला संस्कार म्हटले. मूल मोठे झाले की बागुलबुवाची जागा ‘लोक काय म्हणतील’ हे घेते. दहावीचे टक्के, नीटचा निकाल, नोकरी, लग्नाचे वय, मूल कधी, या प्रत्येक टप्प्यावर शेजारपाजारचे डोळे उभे केलेले असतात. चिंताविकार केवळ वाढवण्यातून होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, शरीराच्या घडणीचा असतो, आयुष्यातल्या आघातांचा असतो. पण ज्या मनात हे बी आहे त्याला आपण रोज कोणते पाणी घालतो, हे आपल्या हातात होते. भीती हे आपल्या घरांत राज्य चालवण्याचे साधन आहे. ती ज्याच्या अंगात मुरते, त्यालाच आपण भेकड म्हणून हिणवतो. मुलगा असेल तर त्याला बायकी म्हणतो, मुलगी असेल तर नखरेल. वार करणाऱ्या हाताने जखमेची चेष्टा करावी, तसे हे आहे.

मग येते लपवालपवी. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ ते या शहरात उभे आहे, आणि एवढ्या काळात आपण त्याचा उपयोग शिवी म्हणूनच अधिक केला. ‘पागलखान्यात टाकीन’ हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकले नाही असा नागपूरकर विरळा. मनाचा डॉक्टर म्हणजे वेड, वेड म्हणजे कायमचे, कायमचे म्हणजे घराण्याला बट्टा, अशी साखळी आपण पोरांच्या डोक्यात घट्ट बसवली. त्यामुळे शिकलासवरलेला माणूसही मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना दुसऱ्या टोकाचा दवाखाना शोधतो, गोळ्यांची पाकिटे फाडून टाकतो, स्थळ पाहायला पाहुणे येणार म्हणून उपचार अर्धवट सोडतो. कोणी मेडिकलमधून ओळखीवर झोपेची गोळी आणतो आणि तिच्या सवयीत अडकतो. ज्या गोष्टीवर आठ-दहा महिन्यांत बरेच काही करता आले असते, ती आपण अब्रूच्या ओझ्याखाली वीस वर्षे दाबून ठेवतो.

अब्रूपुढे डॉक्टर हरतो, तेथे अंगारा जिंकतो. ‘बाहेरचं लागलं’, ‘नजर झाली’ हे निदान करायला कोणाला शिक्षण लागत नाही. देवाचे नाव घेऊन मनाला आधार मिळत असेल, तर त्याला माझी हरकत नाही. माझ्या आईला रामरक्षेने घटकाभर बरे वाटत असे. पण आधार आणि उपचार यांतला फरक न कळल्यामुळे केस धरून मारहाण, धुरी, उपास असे अघोरी प्रकार आजाऱ्याच्या वाट्याला येतात, आणि त्यातही बाईच्या वाट्याला अधिक. चिंताविकार स्त्रियांमध्ये पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतो. १८८२ साली आपल्याच विदर्भातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून बाईच्या माथी मारलेल्या दोषांचा जाब विचारला. आज बाईच्या घाबरण्याला ‘नाटक’ म्हणताना आपण त्याच आरोपींच्या पिंजऱ्यात उभे असतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेली मारहाण महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरली आहे. तो कायदा यावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले, आणि त्यांचा खून झाल्यावर तो आला. एवढी किंमत मोजून मिळालेला कायदा आपल्या माजघरापर्यंत मात्र अजून पोचलेला नाही.

क्रौर्य केवळ कठोरपणातूनच होते असेही नाही. आपल्या मायेतूनही ते होते. त्या तरुणाला रुळांखालच्या रस्त्याची भीती बसली, तेव्हा घरच्यांनी त्याला लांबच्या रस्त्याने जायला सांगितले. मग वडील गाडीवर सोडू लागले. मग घरूनच काम करायची सोय पाहिली. प्रत्येक पाऊल प्रेमाचे होते, आणि प्रत्येक पावलाने त्याचे जग लहान झाले. भीतीच्या जागेपासून माणूस पळाला की त्याला लगेच बरे वाटते. मन त्यातून शिकते की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. आईच्या बाबतीत आम्ही हेच केले होते. तिला बाजारात नेण्याऐवजी बाजार तिच्या दारात आणला आणि त्याला मातृसेवा समजलो.

यातून बाहेर पडता येते. जगात २०१९ साली सुमारे ३० कोटी माणसांना चिंताविकार होता, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांच्यातल्या चारांपैकी जेमतेम एकाला उपचार मिळतात. उपचार मात्र परिणामकारक आहेत. विचारांची तपासणी करायला शिकवणारी आणि भीतीला पायरीपायरीने सामोरे नेणारी उपचारपद्धती आहे, गरज असेल तेथे औषधे आहेत. ही औषधे काही आठवड्यांनी लागू पडतात, आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू किंवा बंद करायची असतात. तज्ज्ञ कमी आहेत ही सबबही पुरी पडत नाही. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात २४ दवाखान्यांत ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्य आणि चिंता यांच्या रुग्णांना समजावण्याचे, सोबत करण्याचे काम दिले. २०१० साली त्याचे निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत ही मदत मिळालेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत सावरले. ज्यांना ती मिळाली नाही त्यांच्यात हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास होते. आपल्याच अमरावती जिल्ह्यात, शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प चालला. तेथे नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. गावातल्याच माणसांनी गावाशी मोकळेपणी बोलायला सुरुवात केली, त्याचा यात मोठा वाटा होता. खेड्यातल्या माणसाला जे जमले ते मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला न जमायला कोणते कारण आहे?

तो तरुण शेवटी उपचाराला गेला, तो त्याच्या मोठ्या बहिणीमुळे. तिने त्याला समजावले नाही की रागावली नाही. पहिल्या दिवशी ती त्याच्याबरोबर डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर बसून राहिली. पुढे डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोघे रोज संध्याकाळी त्या रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहत. धडधड सुरू झाली की परत फिरायचे नाही, ती ओसरेपर्यंत तेथेच थांबायचे, एवढाच नियम. नंतर पायी निम्म्यापर्यंत, मग पलीकडच्या तोंडापर्यंत, मग बहीण अलीकडे थांबलेली आणि तो एकटा. मी त्यांना पाहत असे आणि मला वाटे, दोघे फिरायला निघाले आहेत. आज तो स्कूटरवरून त्या रस्त्याने कामावर जातो. भीती कधीकधी येते असे तो सांगतो, पण आता त्याला ती ओळखू येते. माझ्या आईजवळ उभे राहायला आम्ही चार मुले होतो. एकही उभा राहिला नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येक नागरिकाचा हक्क केला, आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे असे बंधन घातले. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो फुकट आहे आणि मध्यरात्रीही उचलला जातो. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या ‘मेडिकल’मध्ये, मानसोपचाराचा विभाग आहे, मिहानमधल्या एम्समध्ये आहे. सरकारने अजून पुष्कळ करायचे बाकी आहे, ते मागितलेच पाहिजे. पण पागलखान्याची शिवी सरकारने आपल्या तोंडी घातली नाही, आणि ती काढायलाही सरकार येणार नाही.

म्हणून विनंती एकच आहे. आज ना उद्या आपल्या घरात कोणीतरी मध्यरात्री छातीवर हात ठेवून उठून बसेल. मुलगा असेल, सून असेल, म्हातारी आई असेल. तेव्हा मन घट्ट कर असे म्हणू नका, आणि लोकांत वाच्यता करू नको असेही म्हणू नका. शेजारी बसा. हा त्रास खरा आहे, याला नाव आहे, यातून माणसे बरी होतात, एवढे सांगा. आणि सकाळ झाली की चप्पल घालून त्याच्याबरोबर डॉक्टरकडे निघा.